फुकट बस आणि दारातली मोटार

बसचं तिकीट माफ केलं, तर लोक मोटार घरी ठेवतील का?

एस्टोनियाची राजधानी टालिन. २०१२ मध्ये तिथं सार्वमत घेतलं गेलं आणि जानेवारी २०१३ पासून शहरात नोंदणी असलेल्या रहिवाशांना बस आणि ट्राम मोफत झाली. वर्षभरानंतरच्या अभ्यासात बस-ट्रामचा वापर सुमारे १४ टक्क्यांनी वाढलेला दिसला. पण नवे प्रवासी आले कुठून? त्यातले बरेचसे आधी पायी जाणारे होते. मोटारींचा वाटा घटला, पण थोडाच.

कारण साधं आहे. मोटारवाला तिकिटापेक्षा वेळेचा हिशोब करतो. थांब्यावर किती वेळ उभं राहायचं, बस कोंडीत अडकणार का, उतरल्यावर किती चालायचं, हे तो आधी पाहतो.

उलट, २००६ मध्ये स्टॉकहोमनं शहराच्या मध्यभागी येण्याजाण्यावर मोटारींना शुल्क लावून पाहिलं. शुल्काच्या हद्दीवरची रहदारी सुमारे २० टक्क्यांनी कमी झाली.

म्हणून मोफत बस वाया गेली असं नाही. टालिनमध्ये कमी उत्पन्नाच्या लोकांचं फिरणं सोपं झालं. आपल्याकडेही मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. अशा सवलतीनं प्रवास परवडतो. रस्त्यावरच्या मोटारी कमी करायच्या, तर मात्र वारंवार येणारी बस, तिच्यासाठी राखीव मार्गिका आणि पार्किंगला योग्य दर, हे तिन्ही हवं.