लुई मार्टिन : पति आणि पिता

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त कुटुंबप्रमुखांच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या ह्या दिवसांत आपण पुष्कळांचीं नांवें आदरानें घेतलीं. ज्यांनीं देवळासाठीं जमीन दिली, ज्यांनीं भिंती उभारिल्या, ज्या धर्मगुरूंनीं येथें आपलें आयुष्य वेंचिलें, त्यांचें स्मरण झालें, व तें योग्यच झालें. परंतु ह्या देवळाचा भार आणखी एका माणसाच्या खांद्यावर उभा आहे. त्याचें नांव कोणत्याहि शिळेवर कोरलेलें नाहीं. तो पहांटे अंधारांत उठून भाजीच्या किंवा केळ्यांच्या टोपल्या घेऊन मुंबईची गाडी धरीत असे. संध्याकाळीं थकून आला तरी मुलांबाळांसह जपमाळेस गुडघे टेकीत असे. मुलांची फी आधीं भरून स्वतःचा नवा सदरा पुढच्या सणावर टाकीत असे. तो म्हणजे आपला बाप.

अशा बापाविषयीं चार शब्द बोलावे, अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. एका घरच्या बापाची स्तुति केली तर दहा घरांवर अन्याय होईल. म्हणून आम्ही अशा एका बापाची कथा सांगतों, कीं ज्याला आतां सर्व ख्रिस्तसभा आपला म्हणते. ते म्हणजे बाळ येशूच्या संत तेरेजेचे वडील, लुई मार्टिन.

तेरेजा आपणांस परकी नाहीं. जुन्या गोव्यास ज्यांच्या पवित्र शरीराच्या दर्शनास आपण जातों, त्या संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्याबरोबर १९२७ सालीं तिला मिशनकार्याची आश्रयदात्री ठरविण्यांत आलें. तिची तसबीर कित्येकांच्या घरीं आहे. पण तिला हाताला धरून ज्यानें प्रथम देवळांत नेलें, तो माणूस कसा होता हें फारसें कोणी विचारीत नाहीं.

लुई ह्यांचा जन्म २२ ऑगस्ट १८२३ रोजीं फ्रान्सांतील बोर्दो शहरीं झाला. वडील सैन्यांत अधिकारी होते. तरुणपणीं लुईंच्या मनांत संन्यस्त होण्याची तीव्र इच्छा होती. १८४५ सालीं ते आल्प्स पर्वतांतील सेंट बर्नार्डच्या मठाच्या दारीं गेले. त्या मठांतील साधु बर्फांत सांपडलेल्या वाटसरूंचे प्राण वांचवीत. मठप्रमुखांनीं सांगितलें कीं, आधीं लॅटिन शिकून या. लुईंनीं प्रयत्न केला. पण तें साधलें नाहीं. तेव्हां त्यांनीं दैवास बोल लावला नाहीं. ते आपल्या धंद्याकडे वळले, आणि १८५० सालीं आलांसों नांवाच्या गांवीं घड्याळजीचें दुकान घालून बसले. बारीक चिमटा, लहानसें भिंग आणि पुष्कळशी शांति, एवढें त्यांचें भांडवल होतें.

१३ जुलै १८५८ रोजीं मध्यरात्रीं त्यांचा झेलीबाईंशीं विवाह झाला. झेलीबाईंनाहि मठांत जावयाचें होतें, व त्यांनाहि तेथें घेतलें नव्हतें. त्यांचा लेस विणण्याचा धंदा होता. आलांसोंची लेस सुईदोऱ्यानें विणलेली व फार नाजूक. एका लहानशा तुकड्यासहि कित्येक हात लागत. दोघेंहि कष्टाळू. गांव झोंपेंत असतांनाच पहांटेच्या मिस्साबलिदानास जाणें आणि मग कामास लागणें, हा त्यांचा रोजचा नेम होता.

लुईंच्या धंद्याविषयींची एक गोष्ट येथल्या दुकानदार मंडळींनीं ऐकण्यासारखी आहे. रविवारीं खेड्यापाड्यांतील लोक शहरांत येत, आणि घड्याळें व दागिने यांची खरी विक्री त्याच दिवशीं होई. शेजारचीं दुकानें उघडीं असत. लुईंचें दुकान बंद असे. हितचिंतकांनीं सुचविलें कीं, पुढचें दार लावावें, मागचें थोडें उघडें ठेवावें. त्यांनीं तेंहि मानलें नाहीं. तरी त्यांचा संसार दारिद्र्यांत गेला नाहीं. कारागिरांचे व देणेकऱ्यांचे पैसे वेळेवर द्यावे, हा त्यांचा बाणा होता. एकदां आगगाडीच्या स्थानकावर फेफऱ्यानें पीडलेला एक गरीब घरीं जाण्यास भाडें नाहीं म्हणून अडकला होता. लुईंनीं आपली टोपी काढिली, तींत प्रथम स्वतःचे पैसे टाकिले आणि प्रवाशांपुढें ती फिरवून त्याच्या भाड्याची सोय केली. प्रतिष्ठित व्यापाऱ्यास भर गर्दींत टोपी पुढें करण्याची लाज वाटली नाहीं.

पुढें झेलीबाईंच्या लेसचा व्याप वाढला. १८७० सालीं लुईंनीं वीस वर्षांचें आपलें दुकान भाच्यास विकलें, आणि पत्नीच्या धंद्याचे हिशेब, पॅरिसच्या फेऱ्या व मागण्या मिळविणें हें काम अंगावर घेतलें. बंधूंनो, ह्यावर क्षणभर विचार करा. बायकोच्या कामांत हातभार लावणारा नवरा आजहि आपल्या आळींत थट्टेचा विषय होतो. ह्या गृहस्थानें दीडशें वर्षांपूर्वीं तें केलें, व त्यामुळें आपण लहान झालों असें त्याला वाटलें नाहीं. झेलीबाईंनीं एका पत्रांत आपला पति साधुपुरुष असल्याचें लिहून सर्व स्त्रियांस असा पति लाभावा अशी इच्छा व्यक्त केली आहे. पत्नीच्या हातचें हें प्रशस्तिपत्र आपणांपैकीं कितीजणांस मिळेल?

त्यांना नऊ अपत्यें झालीं. त्यांपैकीं चार गेलीं. १८६७ ते १८७० ह्या चार वर्षांच्या आंत दोन मुलगे, पांच वर्षांची एलेन आणि दोन महिन्यांची एक मुलगी, अशा चार लहान शवपेट्या त्या घरांतून निघाल्या. उरल्या पांच मुली : मरी, पोलीन, लिओनी, सेलीन आणि सर्वांत धाकटी तेरेजा. त्यानंतर २८ ऑगस्ट १८७७ रोजीं झेलीबाई स्तनाच्या कर्करोगानें वारल्या. तेरेजा तेव्हां साडेचार वर्षांची होती, आणि लुई ५४ वर्षांचे.

आलांसोंत त्यांची वृद्ध आई होती, मित्र होते, मासे धरण्याची आवडती नदी होती. परंतु आईवेगळ्या मुलींस मामामामीचा आधार असावा म्हणून त्याच वर्षीं नोव्हेंबरांत तें सर्व सोडून त्यांनीं लिझ्यू गांवीं बिऱ्हाड नेलें. तेथें दुपारीं ते तेरेजेस फिरावयास नेत, वाटेंत एखाद्या देवळांत पवित्र साक्रामेंताचें दर्शन घेत, आणि संध्याकाळीं मुलींना जवळ घेऊन वाचन, गाणें व प्रार्थना करीत. ज्या हातांनीं घड्याळाचीं चक्रें जुळविलीं, त्याच हातांनीं ते मुलीसाठीं लहानलहान खेळणीं करीत. परमेश्वर प्रेमळ पिता आहे, हें तेरेजेनें पुढें सर्व जगास सांगितलें. तिनें तें आधीं घरांत पाहिलें होतें.

मग त्या मुली एकेक करून निघाल्या. १८८२ सालीं पोलीन कार्मेल मठांत गेली. १८८६ सालीं मरी गेली. २९ मे १८८७ रोजीं, पेंटेकॉस्टच्या सणाच्या संध्याकाळीं, बागेंत बसलेल्या बापापाशीं चौदा वर्षांची तेरेजा रडत आली आणि तिनेंहि तीच परवानगी मागितली. त्याच महिन्याच्या आरंभीं लुईंना अर्धांगाचा पहिला झटका येऊन गेला होता. ते तिच्याबरोबर रडले. नाहीं म्हणाले नाहींत. भिंतीलगतचें एक लहानसें पांढरें फूल त्यांनीं मुळासकट उपटून तिच्या हातीं दिलें. तेरेजेनें तें फूल जपून ठेविलें. वय लहान म्हणून वरिष्ठ अडवूं लागले, तेव्हां हाच बाप तिला रोमपर्यंत घेऊन गेला, व तेथें तिनें पोपमहाशय तेरावे लिओ ह्यांच्या पायांपाशीं विनंती केली. ९ एप्रिल १८८८ रोजीं ती मठांत गेली.

येथपर्यंतची कथा ऐकावयास गोड आहे. पुढची कथा लोक सांगण्याचें टाळतात; आणि तिच्यासाठींच आम्ही आज उभे राहिलों आहों.

तेरेजा गेल्यावर तीन महिनेहि झाले नाहींत, तोंच लुईंचें मन ढळूं लागलें. जून १८८८ मध्यें ते कोणास न सांगतां घरांतून निघून गेले, आणि चार दिवसांच्या शोधानंतर ल हाव्र बंदरीं सांपडले. विस्मृति व भ्रम वाढत गेले. शेवटीं १२ फेब्रुवारी १८८९ रोजीं त्यांना मनोरुग्णांच्या इस्पितळांत ठेवावें लागलें, आणि तेथें ते तीन वर्षांहून अधिक काळ राहिले. गांवांत कुजबूज झाली. मुली मठांत गेल्या म्हणून बाप वेडा झाला, असें लोक बोलूं लागले, आणि तें बोलणें मठाच्या भिंतींआड बसलेल्या मुलींच्या कानीं जाऊन पोंचलें. ज्याचा शब्द गांवांत प्रमाण होता, तो माणूस आतां इतरांच्या आज्ञेंत राहूं लागला. मन स्वच्छ असे तेव्हां त्यांना आपली स्थिति कळत असे. आपल्याला आयुष्यांत कधीं अपमान सोसावा लागला नव्हता, तो सोसण्याची गरज होती म्हणूनच देवानें ही परीक्षा पाठविली, अशा अर्थाचें ते डॉक्टरांशीं बोलले.

१० मे १८९२ रोजीं त्यांना घरीं आणिलें. पाय निकामी झाले होते. दोन दिवसांनीं त्यांना कार्मेल मठांत नेण्यांत आलें, आणि तेथें मुलींशीं त्यांची शेवटची भेट झाली. निरोप घेतांना त्यांनीं वर दृष्टि लाविली, बोट वर केलें आणि स्वर्गांत भेटूं अशा आशयाचे दोनच शब्द उच्चारिले. सेलीननें मनोभावें त्यांची सेवा केली. २९ जुलै १८९४ रोजीं, रविवारीं, त्यांनीं प्राण सोडिला. ज्याच्या मानासाठीं त्यांनीं जन्मभर दुकान बंद ठेविलें, त्याच वारीं देवानें त्यांना बोलाविलें.

१८ ऑक्टोबर २०१५ रोजीं रोम येथें पोप फ्रान्सिस ह्यांनीं लुई व झेली ह्या पतिपत्नींस एकाच समारंभांत संत म्हणून घोषित केलें. बंधुभगिनींनो, ख्रिस्तसभेनें ज्याला वेदीवर बसविलें, तो तीन वर्षें मनोरुग्णालयांत राहिलेला माणूस होता. तीं तीन वर्षें त्याच्या चरित्रांतून कोणी खोडून टाकिलीं नाहींत. तीं त्याच्या पुण्याईचाच भाग मानलीं गेलीं.

आतां आपण आपल्या घरांकडे पाहूं. ज्या बापानें जन्मभर टोपल्या वाहिल्या, त्याला म्हातारपणीं मुलांचीं नांवें आठवत नाहींत. तो रात्रीं उठून दार उघडतो, जेवलों नाहीं म्हणून पुन्हां ताट मागतो. आणि पाहुणे आले कीं आपण त्याला आंतल्या खोलींत बसवितों. लग्नांत त्याला नेत नाहीं, देवळांत आणीत नाहीं. लोक काय म्हणतील ह्याची भीति वाटते. हें आम्ही दुसऱ्यांस दोष देण्यासाठीं म्हणत नाहीं. आम्हींहि तें केलें आहे, आणि आज त्याची आम्हांस लाज वाटते. बापाची बुद्धि गेली म्हणून त्याचें बापपण जात नाहीं. त्याला आपण आठवत नसूं; पण तो कोण आहे हें आपणांस ठाऊक आहे, आणि आतां स्मरण ठेवण्याची पाळी आपली आहे.

म्हणून ह्या महोत्सवाच्या निमित्तानें आमची एकच विनंती आहे. जे बाप गेले, त्यांचीं नांवें येत्या रविवारच्या मिस्साबलिदानासाठीं लिहून द्या. आणि जे आहेत, विसरभोळे असोत, अंथरुणाला खिळलेले असोत, कीं भलतेंच बोलणारे असोत, त्यांना धुतलेला सदरा घालून त्या दिवशीं देवळांत घेऊन या. पुढचीं बांकें त्यांच्यासाठीं मोकळीं ठेवूं. त्यांतील कोणी मध्येंच मोठ्यानें बोलला, तर कोणीहि मागें वळून पाहूं नये.

संत लुई आणि संत झेली आमच्या घरांसाठीं विनंती करोत. आमेन.