बीटी वांगे, पपई आणि आपले ताट

(मंडळाच्या चंपाषष्ठीच्या स्नेहमेळाव्यात बेळगाव येथे केलेले भाषण)



आज पंगतीत भरीत-रोडगा आहे आणि त्याआधी मला वांग्यावर बोलायला उभे केले आहे. भुकेल्या माणसांपुढे भाषण करणे हा गुन्हाच, पण अध्यक्षांची आज्ञा मोडता येत नाही.

आपल्या घरांतून आषाढापासून वांगे बंद होते. आज खंडोबाला नैवेद्य दाखवला की पुन्हा सुरू. नातवंडे विचारतात, "आजी, मधे का नाही खायचं?" आजी म्हणते, "नाही खायचं, एवढंच." आजीला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. काय खावे आणि काय खाऊ नये, हे प्रयोगशाळेला विचारून ठरवणारा समाज मी अजून पाहिलेला नाही. त्यामुळे जनुके बदललेल्या फळाबद्दल लोक घाबरतात, बिचकतात, याला नुसते अडाणीपण म्हणून मोकळे होणाऱ्या विद्वानांचे मला पटत नाही. (वांगे हे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने फळच. तीस वर्षे मुलांना हे शिकवले, पण घरात मात्र ते भाजीच्या टोपलीतच राहिले.)

आता आपण घाबरतो कशाला आणि खातो काय, ते पाहू. गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या काकूंना पपईची फोड दिली. त्यांनी हात मागे घेतला. "ही तैवान पपई ना? ती जीएम असते म्हणे." ही पपई साधी संकरित आहे. दोन जातींचा संकर करून बी तयार केले, त्यात परक्या जिवाचे जनुक घातलेले नाही. बिनबियांच्या द्राक्षांबद्दलही हेच ऐकतो. आपल्या तासगावच्या शेतकऱ्यांनी थॉमसन सीडलेस जातीतून निवड करून 'तास-ए-गणेश' वाण काढला. त्यात वेलीवरचा नैसर्गिक बदल आणि माणसाची नजर, याखेरीज काही नाही. बिनबियांचे कलिंगडही संकराचेच. भारतातल्या बाजारात जनुक बदललेले एकही फळ विकायला कायद्याने परवानगी नाही. तरी संशय फळांवर.

आणि ज्यावर संशय नाही ते काय? मार्च 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्याआधीच, 2001 साली, गुजरातेत तो बिनपरवाना पेरलेला सापडला होता. आज देशातल्या कापसाच्या क्षेत्रापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली आहे. कापूस आपण अंगावर घालतो, पण सरकी जाते कुठे? तिचे तेल निघते. आपली बडोद्याची मंडळी जो फरसाण चवीने खातात, त्यातला बराचसा कपासिया तेलात तळलेला असतो. सरकीची पेंड आपल्या बेळगावच्या म्हशी खातात आणि त्या म्हशींच्या दुधाचा चहा आत्ताच सगळ्यांनी घेतला. घाबरू नका. शुद्ध केलेल्या तेलात जनुक किंवा प्रथिन जवळजवळ उरत नाही, आणि पेंडीतले प्रथिन जनावराच्या पोटात पचून जाते. पण वीस वर्षांहून अधिक काळ ही गोष्ट आपल्या स्वयंपाकघरात आहे आणि काकूंना ती कुणी सांगितलेली नाही. माझी तक्रार एवढीच आहे. निरपराध पपईवर पहारा बसतो, आणि ज्याबद्दल खरोखर विचारायला हवे त्याची गंधवार्ता नसते.

आता बीटी वांग्याकडे येतो. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी वांग्याच्या आत शिरते, मग वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून शेतकरी पुन्हा पुन्हा फवारतो. आमच्या भाजीवालीला मी एकदा औषधाबद्दल बोललो, तर ती म्हणाली, "सर, किडकं बी नको तुमाला, औषध मारलेलं बी नको, मग आमी आणायचं कुटनं?" मला उत्तर देता आले नाही. जालन्याच्या महिको कंपनीने मातीतल्या एका जिवाणूचे जनुक वांग्यात घातले. त्यामुळे झाडातच एक प्रथिन तयार होते. अळीच्या आतड्यात अल्कली असते, तिथे ते प्रथिन विषासारखे काम करते. माणसाच्या पोटात आम्ल असते, तिथे ते इतर प्रथिनांसारखे पचते. हाच जिवाणू सेंद्रिय शेतीवाले फवारणीतही वापरतात.

14 ऑक्टोबर 2009 रोजी केंद्राच्या तज्ज्ञ समितीने या वांग्याला हिरवा कंदील दाखवला. पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मात्र लगेच सही केली नाही. 13 जानेवारी ते 6 फेब्रुवारी 2010 या काळात त्यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंदीगड, हैदराबाद आणि शेवटी बंगळूर. शेतकरी, शास्त्रज्ञ, डॉक्टर, गृहिणी, कंपनीचे लोक, विरोधक असे हजारो लोक आले, भांडले, ओरडले. कर्नाटकासह अनेक राज्य सरकारांनी घाई नको असे कळवले. 9 फेब्रुवारीला मंत्र्यांनी स्थगिती जाहीर केली आणि ती आजही उठलेली नाही.

या सुनावण्यांची पुष्कळांनी थट्टा केली. विज्ञान हात वर करून ठरते का, असे विचारले गेले. मला तो आक्षेप अर्धाच पटतो. अळी मरते की नाही, हे मतदानाने ठरत नाही, खरे. पण लोकांनी काय खायचे, बियाणे कुणाच्या हातात राहायचे आणि नुकसान झाले तर कोण भरून देणार, हे प्रश्न शास्त्रज्ञांच्या एकट्याच्या अखत्यारीतले नाहीत. माझा राग वेगळा आहे. सात शहरांत बेळगाव नव्हते, धारवाड नव्हते. बंगळूर इथून पाचशे किलोमीटर. वांग्याची तोडणी सोडून तिथे कोण जाणार?

आणि आपला संबंध किती जवळचा होता ते ऐका. महिकोने हे जनुक धारवाडच्या कृषी विद्यापीठालाही दिले होते. विद्यापीठाने ते ज्या स्थानिक वाणांत घातले, त्यांत उडुपीकडचे वांगे होते, रबकवीचे होते, पुण्याजवळच्या मांजरीचे नाव लावणारे 'मांजरी गोटा' होते आणि 'कुडची लोकल' होते. कुडची! आपल्या जिल्ह्यातली. आपल्यापैकी कितीजणांना 2010 मध्ये हे ठाऊक होते? मला नव्हते.

कंपनीचे संकरित बी दरवर्षी विकत घ्यावे लागले असते. विद्यापीठाच्या सरळ वाणाचे बी मात्र शेतकऱ्याला घरी धरता आले असते. म्हणजे सगळ्या व्यवहारात शेतकऱ्याच्या सोयीची बाजू हीच होती. आणि नेमकी तीच अडकली. जैवविविधता कायदा 2002 सालचा. स्थानिक वाण वापरताना प्राधिकरणाची परवानगी आणि स्थानिक समित्यांशी विचारविनिमय लागतो, तो झाला नाही, अशी तक्रार बंगळूरच्या एका संस्थेने 2010 मध्ये केली. 2011 मध्ये राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने कारवाईचे ठरवले आणि प्रकरण कोर्टात गेले. कोण चूक, कोण बरोबर यात मी पडत नाही. पण कुडचीच्या चार शेतकऱ्यांना आधी बसवून विचारले असते, तर काय बिघडले असते? पिढ्यान् पिढ्या बी राखणाऱ्याला आपण फक्त वाणाच्या नावातच ठेवतो.

विचारण्याने काय फरक पडतो, याचे एक उदाहरण दूरचे आहे. हवाई बेटांवरच्या पुना भागात 1992 मध्ये पपईवर रिंगस्पॉट विषाणू आला. हा रोग आपल्याकडच्या खानदेशातल्या पपईवाल्यांनाही चांगला माहीत आहे. पुनाच्या बागा डोळ्यांदेखत जाऊ लागल्या. हवाईतच जन्मलेले डेनिस गोन्साल्विस आणि त्यांचे सहकारी त्याआधीपासून त्या विषाणूचेच एक जनुक पपईत घालून रोगाला दाद न देणारे झाड तयार करण्याच्या मागे होते. 1998 मध्ये 'रेनबो' पपईचे बी शेतकऱ्यांना फुकट वाटले गेले आणि बागा पुन्हा उभ्या राहिल्या. लोकांनी ती पपई खाल्ली, कारण शेजाऱ्याची बाग मरताना त्यांनी पाहिली होती, बी विद्यापीठाकडून आले होते आणि संशोधक त्यांच्यातलाच होता.

तिथेही सगळे गोडीगुलाबीने झाले असे नाही. सेंद्रियवाल्यांना परागांची भीती वाटली, रात्री कुणीतरी पपईची झाडे तोडून टाकण्याचे प्रकार घडले. जपानने ही पपई घ्यायला 2011 साल उजाडू दिले. 2013 मध्ये त्याच बेटाच्या कौन्सिलने जनुक बदललेल्या पिकांवर बंदी घातली, पण पपईला सूट दिली. जिच्याशी ओळख झाली होती, ती पपई त्यांनी ठेवली.

आपल्या शेजारचा बांगलादेश पाहा. तिथे ऑक्टोबर 2013 मध्ये बीटी वांग्याला परवानगी मिळाली. जानेवारी 2014 मध्ये वीस शेतकऱ्यांपासून सुरुवात झाली आणि फवारणी बरीच कमी झाल्याचे तिथले अभ्यास सांगतात. उलट फिलिपिन्समध्ये परवानगी मिळाल्यानंतर एप्रिल 2024 मध्ये न्यायालयाने ती थांबवली. आपल्याकडे स्थगितीने प्रश्न मिटला का? 2019 मध्ये हरियाणाच्या फतेहाबाद भागात बिनपरवाना बीटी वांगे शेतात उभे सापडले. त्याच वर्षी जूनमध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेच्या लोकांनी बंदी असलेले बियाणे उघड पेरून सविनय कायदेभंग केला. म्हणजे ग्राहक भीत राहतो, सरकार गप्प राहते आणि बी चोरवाटेने येते. ही तिन्हींपैकी सगळ्यांत वाईट अवस्था, कारण चोरवाटेने आलेल्या वांग्याची तपासणी कुणीच करत नाही.

तुम्ही मला थेट विचाराल, "सर, तुम्ही खाल का?" खाईन. आठवड्यातून दोनदा फवारलेल्या वांग्यापेक्षा मला त्याची भीती कमी वाटते. पण मला ते सांगून द्या. आणि बीटी म्हणजे कायमचा इलाज, असेही मी म्हणणार नाही. कापसात गुलाबी बोंडअळीने बीटीला जुमानणे सोडले, हे विदर्भातला शेतकरी भोगतो आहे. माझ्या सौभाग्यवती मात्र खाणार नाहीत आणि त्यांना तो पूर्ण अधिकार आहे. आमच्या घरात दोन्ही मते नांदतात. फक्त कुठले वांगे कुठले, हे कळायला हवे.

पाकिटावर 'जीएम' लिहिण्याचा नियम 1 जानेवारी 2013 पासून आहे. पण टोपलीतल्या सुट्या वांग्याला पाकीट कुठे असते? जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनुकीय मोहरीच्या प्रकरणी दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले, पण एका गोष्टीवर दोघांचे एकमत होते. केंद्राने राज्ये, शेतकरी, तज्ज्ञ अशा सर्वांशी बोलून राष्ट्रीय धोरण आखावे. त्या बोलण्यात आपण असायला हवे. म्हणून मंडळाने असा ठराव करावा, अशी माझी सूचना आहे: या विषयावरचे कागद आपल्या जिल्ह्यात कन्नड आणि मराठी दोन्हींतून मिळावेत आणि सुनावणी झालीच तर एक बेळगावात व्हावी. याला कुणी सीमावादाचे शेपूट लावू नये. कुडचीच्या बांधापलीकडचा कन्नड शेतकरी तेच वांगे लावतो, त्याच अळीशी झगडतो. त्यालाही बरोबर घेऊन सही करावी.

दुसरी सूचना छोटी आहे. कृष्णाकाठच्या ज्या घरांत कुडचीचे किंवा दुसरे कुठले जुने गावरान वांग्याचे बी अजून राखेत घोळून ठेवलेले असेल, त्यांनी मूठभर बी कागदाच्या पुडीत, वाणाचे नाव, गाव आणि किती वर्षांपासून घरात आहे एवढे लिहून, मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावे. त्याची वही मी स्वतः ठेवीन. संक्रांतीपर्यंत वाट पाहतो, भोगीच्या भाजीला वांगी लागतातच, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारायला विसरू नका. बहुतेक घरांत बी त्यांच्याच डब्यात असते.

पाने मांडली आहेत असा निरोप आला आहे.