कोरियातील वयाचा मान

दक्षिण कोरियात राहावयास गेलेल्या परदेशी व्यक्तीला पहिल्या ओळखीतच वय विचारले जाते आणि हा प्रश्न तेथे आगाऊपणा मानला जात नाही. कारण कोरियन भाषेत क्रियापदाचे रूप समोरच्याच्या वयावर आणि दर्जावर अवलंबून असल्यामुळे, वय कळल्याशिवाय बोलणाऱ्याला वाक्य योग्य रीतीने संपवणेही अवघड जाते. मराठीतही वडीलधाऱ्यांसाठी आदरार्थी बहुवचन आहेच, परंतु कोरियात केवळ एका वर्षाचे अंतरही ज्येष्ठत्व ठरवण्यास पुरते.

वयगणनेची पारंपरिक रीतही वेगळी आहे: मूल जन्मताच एक वर्षाचे धरले जाते आणि दर १ जानेवारीला सर्वांच्या वयात एका वर्षाची भर पडते, त्यामुळे ३१ डिसेंबरला जन्मलेले बालक दुसऱ्याच दिवशी दोन वर्षांचे ठरते. यातून उद्भवणारे गोंधळ आणि वाद टाळण्यासाठी, २८ जून २०२३ पासून जन्मतारखेवरून मोजलेले वय तेथील कायद्याने सर्वसाधारण व्यवहारात प्रमाण मानले, आणि हा निर्णय निःसंशय योग्यच होता. सक्तीची लष्करी सेवा आणि मद्यविक्री यांसाठी मात्र जन्मवर्षच पाहिले जाते.

कायदा बदलला तरी शिष्टाचार टिकून आहे. ज्येष्ठांनी जेवणास आरंभ केल्यावरच इतरांनी चमचा उचलावा, त्यांनी दिलेला पेला दोन्ही हातांनी घ्यावा आणि मद्य पिताना त्यांच्यासमोरून तोंड किंचित वळवावे, असा संकेत आहे. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी कोरियात जाणाऱ्या श्रोत्यांनी आपले जन्मवर्ष सांगताना संकोच बाळगू नये.