भिलाई: प्रतिमा आणि वास्तव

कॉम्रेड्स, ‘राजकारण म्हणजे निव्वळ देखावा, सगळे सारखेच’ ही निराशा मालकवर्गाला फुकटात मिळते. अशा निराश माणसाने भिलाई आठवावी. येथील खासगी कारखान्यांतील कामगारांचे नेते शंकर गुहा नियोगी यांना २८ सप्टेंबर १९९१ रोजी झोपेत गोळी घालण्यात आली. (ते आपल्या पक्षाचे नव्हते, येथे तो प्रश्नच नाही.) १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस स्टेशनच्या रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला, १६ कामगार ठार झाले. ‘रेल रोको’ एवढीच प्रतिमा ज्याच्या मनात उरली, त्याला मागण्या कोठून ठाऊक असणार? कायम नोकरी, जगण्यापुरते वेतन, काढून टाकलेल्यांना पुन्हा काम! २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने मारेकऱ्याला जन्मठेप दिली. आरोपी उद्योगपती निर्दोष सुटले.