बीजगणिताच्या वर्षाची आखणी

बीजगणिताच्या वर्षाची आखणी करावयास बसलेला शिक्षक बहुधा पुस्तकाचीं पानें मोजतो आणि त्यांस तासिकांच्या संख्येनें भागतो. हा भागाकार बिनचूक असेल. परंतु त्यांत विद्यार्थी कोठेंच येत नाहीं.

बालभारतीनें २०१८ सालीं काढलेलें दहावीचें पुस्तक घ्या. त्यांत वर्गसमीकरणांचें प्रकरण आहे. तें अमुक तारखेस संपेल, हें झालें वेळापत्रक. तें शिकून विद्यार्थ्यास काय करतां आलें पाहिजे, हें झालें मानक. आणि आखणीचा आरंभ येथून व्हावा.

समजा, एका आयताची लांबी रुंदीहून ५ मीटरनें अधिक असून क्षेत्रफळ ८४ चौरस मीटर आहे. तर रुंदी किती? विद्यार्थ्यानें समीकरण मांडावें, ७ आणि उणे १२ हीं त्याचीं मुळें काढावीं, आणि त्यांपैकीं दुसरें कां टाकलें तेंही सांगावें. केवळ सूत्र घोकलेला विद्यार्थी या शेवटच्या पायरीवर अडतो.

असा प्रश्न आधीं ठरविला, म्हणजे त्यापूर्वीं काय पक्कें हवें तें आपोआप दिसूं लागतें. अवयव पाडणें कच्चें असेल, तर नववींतील बहुपदींस दोन तासिका पुन्हां द्याव्या; त्या वायां जात नाहींत. पालकांनींही "किती धडे झाले?" असें न विचारतां "हें उत्तर कां टाकलेंस?" असें विचारावें. कारण पुस्तक वेळेवर संपूनही मूल मागें राहूं शकतें, आणि बीजगणितांत मागें राहिलेल्या मुलास पुढचा प्रत्येक धडा परका वाटूं लागतो.