राज्य कोणावर?

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



शिवणापाणी खेळताना जो इतरांच्या मागे धावतो, त्याच्यावर ‘राज्य’ आले असे मराठीत म्हणतात. जगात राज्य मिळावे म्हणून लढाया होतात. खेळाच्या मैदानावर मात्र राज्य नको म्हणून सारे जीव घेऊन पळतात. ज्याच्यावर राज्य येते तो एकटा पडतो आणि दुसऱ्याला शिवल्याखेरीज त्याची सुटका नसते. फाटकाबाहेर पाऊल टाकताच दुसरी भाषा कानी पडते अशा गावातील मराठी शाळेतही मधल्या सुट्टीत ‘राज्य कोणावर?’ हा प्रश्न मराठीतच विचारला जातो. व्याकरणाच्या तासाला न शिकवलेली कितीतरी मराठी मुले अशा मैदानावरच शिकतात.

मिसरूड फुटले की हा खेळ सुटतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती पूर्णपणे खरी नाही.

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, बाल्टिमोर शहराजवळ गाउचर कॉलेज आहे. २००५ साली तेथील विद्यार्थ्यांनी शिवणापाणीचा एक थोराड अवतार रचला आणि त्याला ‘ह्यूमन्स व्हर्सेस झोंबीज’, म्हणजे माणसे विरुद्ध चालती प्रेते, असे नाव दिले. माणसांनी दंडाला रुमाल बांधायचा, प्रेतांनी डोक्याला. प्रेताने शिवले की माणसाचेही प्रेत होते. त्याचा रुमाल दंडावरून डोक्यावर चढतो आणि तो कालच्याच सोबत्यांच्या मागे लागतो. माणसांची शस्त्रे म्हणजे गुंडाळी केलेले पायमोजे किंवा फोमचे बाण सोडणारी खेळण्यातली बंदूक. मोजा लागला की प्रेत पंधरा मिनिटे जागच्या जागी थिजते. अठ्ठेचाळीस तासांत एकही शिकार मिळाली नाही, तर ते उपाशी मरून खेळातून बाद होते. वर्गात अभय असते. पण वर्गापर्यंत पोहोचण्यासाठी आवार ओलांडावेच लागते. त्यामुळे अर्थशास्त्राच्या तासाला निघालेला विशीतला तरुण दाराआडून डोकावतो, हातातला मोजा सावरतो आणि धूम ठोकतो.

हा उद्योग बावळटपणाचा आहे, यात शंका नाही. धावपळ, धडपड, गुडघे फुटणे हे सारे त्यात आलेच. तरीही काही वर्षांतच तो अनेक विद्यापीठांत पसरला. त्याचे एक कारण त्याच्या रचनेतच आहे. शेजारच्या खोलीतील ज्या मुलाचे नावही ठाऊक नसते, त्याच्या सोबतीवाचून ग्रंथालय गाठता येत नाही. आणि जो पकडला जातो, तोही कडेला बसून राहत नाही. लहानपणी ‘साखळी’ खेळलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. पकडलेला गडी साखळीत हात गुंफतो आणि पुन्हा धावू लागतो. विद्यापीठांच्या आवारात खरा गोळीबार झालेल्या त्या देशात खेळण्यातल्या बंदुकांवर आक्षेपही आले. काही ठिकाणी मग निव्वळ मोज्यांवर भागवण्यात आले. खेळ काही थांबला नाही.

दुसरी हकीकत अमेरिकेच्या वायव्य टोकाची, वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन शहरातली. तेथे दहा शाळासोबती फावल्या वेळात शिवणापाणी खेळत. शाळेच्या अखेरच्या दिवशी ज्याच्यावर राज्य होते, त्याला ते दुसऱ्यावर देता आले नाही. पुढे सारे पांगले. काही वर्षांनी, १९९० च्या सुमारास, जुने मित्र पुन्हा एकत्र बसले तेव्हा ती राहिलेली सल बोलण्यात आली. कायदा शिकलेल्या एकाने रीतसर करारपत्र लिहिले आणि सर्वांनी त्यावर सह्या केल्या. खेळ दरवर्षी फक्त फेब्रुवारीत खेळायचा. ज्याने आपल्याला शिवले, त्याला लगेच उलट शिवायचे नाही. राज्य कोणावर आहे असे मित्राने विचारले, तर खरे सांगायचे. फेब्रुवारीच्या अखेरीस ज्याच्यावर राज्य उरेल, त्याने ते वर्षभर मिरवायचे.

संसार, नोकऱ्या आणि शहरे वेगवेगळी झाली, तरी करार पाळला गेला. एखादा विमानाने शेकडो मैल जाऊन मित्राच्या घरी रात्री दबक्या पावलांनी शिरे. एकदा एक जण मोटारीच्या डिकीत लपून बसला. डिकी उघडताच तो बाहेर झेपावला, तेव्हा मित्राची पत्नी दचकून पडली आणि तिच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. एकाला तर स्वतःच्या वडिलांच्या अंत्यविधीच्या वेळी शिवण्यात आले. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटेल; पण वडिलांना या खेळाची मोठी गंमत वाटे, त्यांना हे आवडलेच असते, असे त्या मुलाने नंतर सांगितले. खांद्यावर पडलेल्या त्या हाताने खोडी काढली. पण अशा दिवशी तो हात तेथे होता, हेही खरे. २०१३ साली ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने ही कथा छापली आणि २०१८ मध्ये तिच्यावर ‘टॅग’ हा चित्रपट निघाला. भेटीची इच्छा त्या दहा जणांना होतीच. करारपत्राने त्या इच्छेला महिना नेमून दिला. एरवी ‘एकदा भेटू या’ या शब्दांत कितीतरी मैत्र्या विरून जातात.

मराठी माणसाला या खेळात आणखी एक गोष्ट दिसायला हवी. ‘शिवणे’ या क्रियापदापासूनच ‘शिवाशीव’ हा शब्द आला. माणसाने माणसाला शिवू नये, यासाठी या देशात पिढ्यान्‌पिढ्या पाणवठे वेगळे ठेवले गेले, देवळांची दारे बंद राहिली, शाळेत काही मुलांना वर्गाबाहेर बसवले गेले. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. ते कलम मुलांच्या अंगवळणी पडते ते मात्र मैदानावर. राज्य आलेला मुलगा आडनाव पाहत नाही. जो हाताच्या टप्प्यात येईल, त्याला तो शिवतो. लहानग्या भावंडालाही ‘कच्चा लिंबू’ म्हणून डावात घेतले जाते.

म्हणूनच शिक्षकांनी आणि पालकांनी मधल्या सुट्टीत एकाच मुलाकडे लक्ष द्यावे. पडलेला लगेच उठतो, रडणारा थोड्या वेळाने हसतो. त्यांची काळजी नको. पण एखादा मुलगा सर्वांबरोबर धावत असतो आणि त्याला कोणीच शिवत नाही. तो चपळ असतो असे नाही. कधी त्याची भाषा वेगळी असते, कधी वस्ती, कधी कपडे. त्याच्यावर कधीच राज्य येत नाही, कारण मुळात तो कोणाच्या डावातच नसतो.

साठ वर्षांत या शाळेतून बाहेर पडलेल्यांतही असे काही जण असतील. मेळाव्याचे निमंत्रण त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नसेल, किंवा पोहोचूनही ‘आपल्याला तेथे कोण ओळखणार’ म्हणून ते आले नसतील. त्यांनी होऊन यावे, अशी वाट पाहत बसणे खेळाच्या नियमात बसत नाही. प्रत्येकाने आपल्या वर्गातील असे एक नाव आठवावे, पत्ता शोधावा आणि दार वाजवावे. आज राज्य येथे जमलेल्यांवर आहे.