पुस्तकाची पारख : स्वाध्यायाच्या पाच अंगांनी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात श्रुतपंचमीनिमित्त भरलेल्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज ज्येष्ठ शुद्ध पंचमी. षट्खंडागमाचे लेखन पूर्ण झाले आणि चतुर्विध संघाने त्या ग्रंथाची पूजा केली, त्या प्रसंगाची स्मृती आपण आज जागवितो. आपले श्वेतांबर बांधव हाच आदर कार्तिक शुद्ध पंचमीस, ज्ञानपंचमीच्या रूपाने व्यक्त करतात. या दिवशी आपण ग्रंथ बाहेर काढतो, त्यांवरील धूळ पुसतो, नवी वेष्टने घालतो, अक्षता वाहतो आणि पुन्हा कपाटात ठेवतो. ग्रंथ उघडून वाचण्याचे तेवढे बहुधा राहून जाते.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने अनेक दानशूर कुटुंबांनी ग्रंथालयासाठी देणग्या जाहीर केल्या, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु या रकमेतून कोणती पुस्तके घ्यावीत, हा प्रश्न विश्वस्त मंडळासमोर आहे. एकीकडे धर्मग्रंथांवरील टीका, विवेचने आणि पाठशाळेच्या प्रश्नोत्तरी आहेत; दुसरीकडे आपल्या मुलामुलींना लागणारी सी. ए., विधी आणि लोकसेवा परीक्षांची मार्गदर्शके आहेत. दोन्हींच्या याद्या लांबलचक आहेत आणि प्रत्येक प्रकाशक आपलेच पुस्तक सर्वोत्तम असल्याचे सांगतो. तेव्हा अभ्यासाचे पुस्तक उपयोगाचे आहे किंवा नाही, हे कसे ओळखावे, एवढाच माझ्या बोलण्याचा विषय आहे.

प्रारंभीच एका आक्षेपाचा विचार करू. श्रद्धेने दान म्हणून आलेल्या पुस्तकाची परीक्षा करणे हा ज्ञानाचा अविनय नव्हे काय, असे काही ज्येष्ठांनी विचारले आहे. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. परंतु आपल्या आचार्यांची परंपरा काय सांगते? समंतभद्र आचार्यांनी ‘आप्तमीमांसा’ रचली. आप्त कोणास म्हणावे, याचीच त्यांनी युक्तीच्या बळावर मीमांसा केली. तिच्यावर अकलंकांनी ‘अष्टशती’ आणि विद्यानंदांनी ‘अष्टसहस्री’ लिहिली. विद्यानंदांच्या आणखी एका ग्रंथाचे नावच ‘आप्तपरीक्षा’ आहे आणि माणिक्यनंदींच्या न्यायग्रंथाचे नाव ‘परीक्षामुख’ आहे. ज्या परंपरेने प्रत्यक्ष आप्ताची परीक्षा करण्यात अविनय मानला नाही, तिच्या अनुयायांनी छापखान्यातून आलेल्या मार्गदर्शकाची परीक्षा करण्यास संकोच का करावा?

परीक्षा करावयाची म्हटले की मापदंड हवा. कापडाच्या व्यापारात ताग्याचा वरचा पदर पाहून कोणी सौदा करीत नाही. घडी उलगडून मधला भाग उजेडात धरावा लागतो, पोत पाहावा लागतो, पन्हा मोजावा लागतो, रंग पक्का आहे का ते पाण्यात भिजवून पाहावे लागते. पुस्तकासाठी असा मापदंड बाहेरून आणण्याची गरज नाही. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्यायाची पाच अंगे सांगितली आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. जे पुस्तक या पाच अंगांना साह्य करते ते उपयोगाचे, असे मला वाटते. तत्त्वार्थसूत्रावरील विवेचनांचेच उदाहरण घेऊन हे पाहू, कारण हा ग्रंथ दोन्ही संप्रदायांना मान्य आहे आणि त्यावरील पुस्तकांना तोटा नाही.

पहिले अंग वाचना, म्हणजे ग्रंथ आणि अर्थ यांचे योग्य पात्राला केलेले प्रदान. यातील ‘पात्र’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अकलंकांचे ‘राजवार्तिक’ थोर आहे, यात शंका नाही. पण ज्याने अद्याप सात तत्त्वांची नावे नीट ऐकलेली नाहीत त्याच्या हाती ते दिल्यास तो चौथ्या पानावर थांबेल. त्याला ‘छहढाला’ किंवा ‘द्रव्यसंग्रह’ द्यावा. द्रव्यसंग्रहात अवघ्या ५८ गाथा आहेत. म्हणून पुस्तक चांगले की वाईट, हा प्रश्न अपुरा आहे. ते कोणासाठी चांगले, हे विचारले पाहिजे. जे पुस्तक प्रस्तावनेत आपला वाचक कोण हे सांगत नाही, त्याविषयी सावध असावे. मूळ सूत्र वेगळ्या, ठसठशीत अक्षरांत छापले आहे का आणि मूळ कोठे संपते व विवेचकाचे मत कोठे सुरू होते हे स्पष्ट दिसते का, हेही येथेच पाहावे.

दुसरे अंग पृच्छना, म्हणजे शंका विचारणे. पूज्यपादांच्या ‘सर्वार्थसिद्धी’चा आरंभच एका भव्य जीवाने आचार्यांना विचारलेल्या प्रश्नाने होतो. प्रश्न टाळणारे पुस्तक अभ्यासाचे नव्हे. याची परीक्षा करण्याची सोपी रीत अशी : पुस्तकाचे पहिले पान उघडू नये, अवघड जागा उघडावी. तत्त्वार्थसूत्राच्या दिगंबर पाठात ३५७ सूत्रे आहेत, श्वेतांबर पाठात ३४४. पाचव्या अध्यायात काळाचा विषय येतो. दिगंबर पाठात काळ हेही द्रव्य आहे असे निःसंदिग्ध विधान आहे. श्वेतांबर पाठात काही आचार्य काळालाही द्रव्य मानतात, अशा अर्थाचे विधान आहे. नवव्या अध्यायात जिनांच्या ठिकाणी अकरा परिषह सांगितले आहेत. येथे पाठ दोहोंकडे सारखाच आहे, अर्थ मात्र निराळा. त्या अकरांत क्षुधा आणि तृषाही येतात. श्वेतांबर परंपरा केवली भगवंतांना आहार मानते, म्हणून तिला हे सूत्र सरळ लागू पडते. दिगंबर परंपरा तसे मानीत नाही. म्हणून वेदनीय कर्म शिल्लक असल्यामुळे हे कथन उपचाराने केले आहे, असे स्पष्टीकरण पूज्यपादांनी दिले.

आपल्या हातातील विवेचन या दोन जागी काय करते ते पाहावे. भेद आहे हेच सांगत नसेल, तर ते वाचकाला अंधारात ठेवते. दुसऱ्या संप्रदायाचा पाठ म्हणजे निव्वळ चूक, असे सांगून पुढे जात असेल, तर ते त्याहून अधिक हानी करते. पंडित सुखलालजींच्या विवेचनाच्या प्रस्तावनेत या पाठभेदांची चर्चा आहे. नथमल टाटिया यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी अनुवादात दोन्ही परंपरांच्या टीकांचा अर्थ शेजारी शेजारी दिला आहे. एका बाजूची श्रद्धा असूनही दुसरी बाजू प्रामाणिकपणे मांडता येते. अनेकांतवादाचे नाव घेणाऱ्या समाजाच्या ग्रंथालयात तरी एवढी अपेक्षा ठेवलीच पाहिजे.

तिसरे अंग अनुप्रेक्षा, म्हणजे जाणलेल्या अर्थाचे मनात पुनःपुन्हा चिंतन. चिंतनासाठी वाचकाला मागे फिरता आले पाहिजे. त्यासाठी विषयसूची, शब्दसूची आणि प्रत्येक विधानाचा आधार लागतो. क्षुल्लक जिनेंद्र वर्णी यांचा ‘जैनेंद्र सिद्धांत कोश’ पाहा. एकेका विषयाखाली मूळ ग्रंथांतील उतारे आणि त्यांची स्थाने दिली आहेत, त्यामुळे वाचक कोशावर थांबत नाही. तो मूळ ग्रंथापर्यंत पोहोचतो. आपल्याच महाराष्ट्रातील उदाहरण सांगावयाचे तर, मूडबिद्रीच्या ताडपत्रांत शतकानुशतके बंद असलेली धवला टीका डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केली. तिचा पहिला भाग १९३९ मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध झाला आणि पुढे एकंदर १६ भाग झाले. मूळ, त्याखाली हिंदी अनुवाद, सोबत प्रस्तावना आणि परिशिष्टे, अशी त्याची रचना आहे. अवघड ग्रंथ सामान्य वाचकासाठी कसा उघडावा, याचा तो वस्तुपाठ होय.

चौथे अंग आम्नाय, म्हणजे शुद्ध उच्चारासह आवृत्ती. येथे मुद्रणशुद्धीचा प्रश्न येतो. अनुस्वार गळला, ऱ्हस्वाचा दीर्घ झाला, की पाठशाळेतील बालक अशुद्धच पाठ करते आणि एकदा जिभेवर बसलेले पुढे निघत नाही. मुलांसाठी पुस्तक घेताना कोणतीही पाच सूत्रे किंवा गाथा विश्वसनीय प्रतीशी ताडून पाहाव्यात. पाचांत दोन अशुद्ध निघाल्या, तर ते पुस्तक कितीही स्वस्त असले तरी महाग पडले असे समजावे.

पाचवे अंग धर्मोपदेश. उपदेश म्हटले की व्यासपीठ डोळ्यांसमोर येते; पण घरात आजीने नातवाला सांगितले, तरी तोही धर्मोपदेशच. एखादे प्रकरण वाचावे, पुस्तक मिटावे आणि आस्रव व बंध यांतील फरक घरातील कोणालाही आपल्या शब्दांत सांगून पाहावा. सांगता आला, तर पुस्तकाने काम केले. पुस्तकातील वाक्येच आठवत असतील आणि समोरच्याने ‘म्हणजे काय?’ विचारताच आपण गप्प होत असू, तर पुस्तकाने केवळ शब्द दिले.

आता परीक्षांच्या मार्गदर्शकांकडे वळू. तेथेही हीच पाच अंगे लागू पडतात. विद्यार्थी कोणत्या पातळीचा, अवघड प्रश्नाला पुस्तक सामोरे जाते का, कायद्याच्या कलमाचा आधार दिला आहे का, सोडविलेली उदाहरणे अचूक आहेत का आणि पुस्तक मिटून उत्तर लिहिता येते का, हे पाहावे. लेखाशास्त्राच्या मार्गदर्शकातील दोन उदाहरणे स्वतः कागदावर सोडवून पाहिली, तर पुस्तकाचा दर्जा अर्ध्या तासात कळतो. केवळ अंतिम आकडा छापून मधल्या पायऱ्या गाळणारे पुस्तक विद्यार्थ्याला काही शिकवीत नाही.

या पुस्तकांना मात्र आणखी एक कसोटी लावावी लागते, ती काळाची. तत्त्वार्थसूत्र जुने होत नाही. कायद्याचे मार्गदर्शक एका रात्रीत जुने होते. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून विक्रीकराच्या जागी मूल्यवर्धित कर आला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. १९६१ च्या आयकर कायद्याऐवजी २०२५ चा नवा कायदा संमत होऊन त्याची अंमलबजावणी १ एप्रिल २०२६ पासून ठरविण्यात आली. सी. ए.चा नवा अभ्यासक्रम १ जुलै २०२३ पासून अमलात आला. लोकसेवा आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षेला २०२५ पासून वर्णनात्मक पद्धती लागू केली. तेव्हा केवळ पर्यायी उत्तरांवर खुणा करावयास शिकविणारी त्या परीक्षेची जाडजूड पुस्तके निरुपयोगी ठरली. म्हणून मुखपृष्ठावरील ‘नवीन आवृत्ती’ या शब्दांवर विसंबू नये; आतील पान उघडून ती सुधारित आवृत्ती आहे की केवळ पुनर्मुद्रण, ते पाहावे. शिवाय सी. ए.चे अभ्याससाहित्य ती परीक्षा घेणारी संस्थाच आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य देते. ते प्रथम वाचावे, मागील प्रश्नपत्रिका पाहाव्यात आणि उणीव राहिली तरच मार्गदर्शक विकत घ्यावे.

आपल्या कपाटांत अशी कालबाह्य मार्गदर्शके बरीच आहेत. ज्ञानाची आशातना होईल या भीतीने ती कोणी काढीत नाही आणि एखादा गरजू विद्यार्थी तीच घेऊन अभ्यासाला बसतो. रद्द झालेल्या कायद्याचे मार्गदर्शक हे श्रुत नव्हे. वकिलाला जुन्या खटल्यांसाठी जुनी संहिता लागेल. तिची एक प्रत संदर्भासाठी ठेवावी. परीक्षार्थ्याच्या हाती ती पडू देणे, हीच खरी आशातना होय.

विश्वस्त मंडळाला माझी तीन नम्र निवेदने आहेत. पहिले, कोणतेही अभ्यासाचे पुस्तक घेण्यापूर्वी ते दोघांनी पाहावे : एक त्या विषयाचा जाणकार आणि एक प्रत्यक्ष विद्यार्थी. जाणकाराला चुका दिसतात. विद्यार्थ्याला कोठे अडते ते दिसते. दुसरे, प्रत्येक पुस्तकाच्या आतील पानावर एक चिठ्ठी चिकटवावी. ते कोणासाठी, कोणत्या पाठानुसार आणि कोणत्या वर्षापर्यंतचे, एवढे तीवर लिहावे. तिसरे, दरवर्षी श्रुतपंचमीला ग्रंथपूजेबरोबर परीक्षांच्या पुस्तकांची छाननीही व्हावी.

देणगीदारांनाही एक विनंती आहे. प्रभावना म्हणून एकाच पुस्तकाच्या शंभर प्रती वाटण्यापेक्षा शंभर वाचकांना लागणारी निरनिराळी पुस्तके द्यावीत. पुस्तकावर आपल्या आप्तांचे नाव जरूर असावे. पण ते नाव कपाटाच्या काचेआड राहण्यापेक्षा वाचकाच्या हातात जाऊन झिजावे, यात त्या नावाचा अधिक सन्मान आहे. गेल्या पन्नास वर्षांत या संस्थेने ग्रंथ सांभाळले. पुढील पन्नास वर्षांत ते वाचले जावोत, अशी जिनवाणीच्या चरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!